चौथ्या दिवसाची हळद

पहाटे साडेपाचला मी खुराक कालवते.
मका बासष्ट टक्के, सोयापेंड, कोंडा,
तासगावचा बाद बेदाणा, चिकट, माश्यांनी गाठलेला,
आणि वरून पांढऱ्या पुड्या:
लायसिन, मीठ, खनिजं,
बुरशीचं विष बांधून ठेवणारी माती.
टनाला किती, ते भिंतीवर खडूनं लिहिलंय
धैर्यशील सरांच्या तिरक्या अक्षरात.
एक पिवळी पुडी गेल्या वर्षी बंद झाली.
"नको म्हणतंय सरकार," सर म्हणाले,
आणि पिल्लांनी आठ दिवस
आम्हाला शेड धुवायला लावलं.

बाप एकदाच आला फार्म बघायला.
डफळापूरच्या माळावर पवनचक्क्यांचा आवाज ऐकत,
दिसत काहीच नव्हतं, मोतीबिंदू पिकलेला.
पोत्यात हात घातला, चिमूट जिभेवर ठेवली,
बराच वेळ चघळत राहिला.
"मीठ बरोबर हाय," म्हणाला.
"पर ह्यात गाव न्हाई."

त्याची डुकरं गावातच पोट भरायची.
उकिरडा, ओढा, लग्नातल्या उष्ट्या पत्रावळी,
आणि ज्याचं नाव जेवताना घेत नाहीत तेही.
दिवस मावळला की तो डबा वाजवायचा.
सगळी यायची.

आज चौथा दिवस.
नऊ नंबरच्या मादीला अकरा पिल्लं, त्यात सहा नर.
नर वयात आला की मांसाला वास येतो,
तवा तापला की घरभर होतो,
गोव्याचा व्यापारी किलोमागं वीस रुपये तोडतो.
म्हणून वास यायच्या आधीच
वासाचं मूळ काढायचं.

बाप वस्तऱ्यानं काढायचा,
गुडघ्यांत पिल्लू उलटं धरून.
जखमेत राख, हळद.
त्याआधी कानात आमच्या बोलीत काहीतरी पुटपुटायचा.
मी विचारलं होतं, काय सांगतोस त्याला?
"येव्हाराचं असतंय," म्हणाला. एवढंच.

माझ्याकडं हातमोजे आहेत, नवं पातं, आयोडीन,
आणि कळ मारायचं इंजेक्शन.
ते भांडून आणवलं.
"चार दिवसांचं पोर," सर म्हणाले, "त्याला काय कळतंय?"
मी म्हटलं, "मग वरडतंय कोण?"

आता लस निघालीय म्हणे.
दोन टोचण्या, पातं नको, रक्त नको,
सगळं जागच्या जागी राहूनही नर नर राहत नाही.
सरांनी मोबाईलवर दाखवलं,
दर वाचला,
मोबाईल खिशात ठेवला.

एक चीर, मग दुसरी.
हरभऱ्याएवढ्या दोन गोळ्या वाटीत.
पातं पुसायचं. पुढचा.
सहाव्याला आयोडीन पुरलं नाही.
माझ्या डब्याच्या पिशवीत हळदीची पुडी होती,
मार्केट यार्डातली, वासाला कडक.
बोटानं दाबून बसवली.
मांड्या पिवळ्याजर्द झाल्या,
मांडवात बसल्यागत.
हसू आलं. मग गेलं.

तेव्हा लक्षात आलं, मी त्याच्या कानाशी वाकलेय.
बापाचे शब्द मला येत नाहीत.
जे येतं ते म्हटलं:
मका बासष्ट टक्के,
सोयापेंड,
कोंडा,
बेदाणा, गोड असतो,
मीठ बरोबर.

संध्याकाळच्या एसटीत
माझ्या शेजारची जागा रोज रिकामी असते.
अंघोळ करून निघते, तरी.
समोरची बाई पदर नाकाला लावते आणि खिडकीबाहेर बघते.
आज एक शाळेतली पोर येऊन बसली, दप्तर मांडीवर.
नाव विचारलं.
"कस्तुरा."
"बाईंनी शिकवलंय," ती म्हणाली,
"कस्तुरी हरणाच्या पोटाशी असते. फक्त नराच्या.
त्या वासासाठी त्याला मारतात."

मी काही बोलले नाही.
नखं अजून पिवळी होती, ती मुठीत घेतली.
तिला उलटी होते म्हणाली घाटात,
मी उठून
खिडकीची जागा दिली.